लाल ब्रश

बाबा, तुमची बोट अजून चालते. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतं. मी कशी आहे हा प्रश्न नंतर आला असता, आणि तोही आठवला असता तर.

मी तिच्यावर फार जळले. आई हसून म्हणायची, "माझी सवत हाय ती." आईला हसता यायचं, मला नाही. सिद्धेश्वरच्या धरणात दिवसभर लोकांना फिरवलं की संध्याकाळी तुम्ही तिला काठावर ओढून घ्यायचात. स्वच्छ पाण्यानं धुवायचात, लाकडी पट्टीनं तळ खरडायचात, आणि मोटर जिथून पाणी ओढते त्या जाळीत करंगळी घालून डोळे मिटून चाचपत बसायचात. माझं डोकं उवांनी भरलं होतं तेव्हा आई ओरडून थकली, पण तुमचा हात माझ्या केसांपर्यंत काही आला नाही. बोटीच्या पोटाखाली एक शिंपला असेल या संशयानं मात्र तुमचा घास अडायचा.

कारण मला ठाऊक होतं. एकदा ती दुसऱ्या धरणावर उसनी दिली होती. तिथं भर पाण्यात, माणसं बसलेली असताना, मोटर तापून बंद पडली. जाळी बारीक शिंपल्यांनी बुजून गेली होती. टेम्पोतून घरी आणलीत आणि कितीतरी दिवस तिला पाण्याजवळ जाऊ दिलं नाहीत. "आपले शिंपले वाळूत गुमान बसत्यात," तुम्ही मला दाखवत म्हणालात. "हे भायेरचे. गोचिडावानी चिकटत्यात. धरणात शिरले की मंग कुनाचीच मोटर ऱ्हात न्हाई." तेव्हापासून परक्या पाण्यातून आलेली बोट धुऊन, निथळून, कडक उन्हात वाळल्याशिवाय तुम्ही कुणाला उतरवू दिली नाहीत. शाळेत मला बक्षीस मिळणार होतं त्या दिवशीही अशीच एक पाहुणी आली होती. तुम्ही तिच्याजवळ थांबलात.

आणि तो बाजाराचा दिवस. तुम्ही औंढ्याहून येता, पिशवीतून नवाकोरा लाल ब्रश काढता. आपल्या घरात सगळेच राखुंडीनं दात घासतात. मी हात पुढे करते.

"तुला न्हाई. मोटरीच्या जाळीला हाय."

"काहून? मला दात न्हाईत का?"

"राखुंडी हाय की तुला," तुम्ही म्हणता आणि ब्रश खिशात ठेवता. तुम्ही रागावलेले नसता, हेच मला जास्त लागतं. त्या रात्री मी जेवत नाही. ते तुमच्या ध्यानात आलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

तुमच्यामागं भाऊ ती विकायला निघाला, तर मीच आडवी आले. दुसऱ्या कुणाच्या हातात ती बघवली नसती. आता मीच चालवते. गेल्या शनिवारी एकजण दुसऱ्या धरणावरून नवी बोट घेऊन आला. नारिंगी गाद्या, वर छत, गाणी लावायची सोय. माझी नेहमीची माणसंसुद्धा तिच्याभोवती फोटो काढत उभी. मी तिच्यावरही जळले, नेहमीप्रमाणे. मग वाकून पाहिलं तर तळाला तेच शिंपले बसलेले, आणि जाळीत तर दाणे भरल्यासारखे.

"ताई, उद्या इतवार हाय, धंद्याचा दिवस," तो म्हणाला. "तिकडं पाण्यातच व्हती की. इथं काय तकलीफ?"

खरं सांगते, वाटलं, उतरव की. तापू दे तुझी मोटर भर पाण्यात, बुडू दे धंदा. पण तिच्यावरचे शिंपले पाण्यात पसरले की उद्या तुमच्या बोटीच्या जाळीत येणार होते. मी त्याला जाळी दाखवली, आत बसणाऱ्या लेकरांचं सांगितलं. तरी तो रविवार सोडेना. शेवटी तोंडातून निघून गेलं, "वाळेपर्यंत माझी चालवा. निम्म्या फेऱ्यांचे पैसे तुमचे." म्हणजे रविवारी तो तुमच्या जागी बसला, तुमच्या बोटीचं हँडल त्याच्या हातात, आणि मी काठावर त्याची बोट खरडत. ती त्याच्या हाताखाली किती गुमान चालत होती. माझ्याकडं पहिल्या झटक्यात कधी सुरू होत नाही.

पट्टी जाळीत जाईना. करंगळीही जाईना, माझी तुमच्यासारखी नाही. माझी लेक शेजारी बाजाराची पिशवी घेऊन बसली होती. मी पिशवीत हात घातला, ब्रश निघाला, पाकीट फाडलं आणि घासायला लागले. छान निघत होते. बराच वेळ गेला.

"आई, तो माझा व्हता," ती म्हणाली.

मी मान वर केली नाही. "थांब गं, एवढं होऊ दे," म्हणाले, आणि जाळी पूर्ण साफ करूनच उठले. तोवर ती जेवणाचा डबा न उघडता घरी निघून गेली होती.

हे पत्र बोटीच्या डब्यात, तुमच्या फडक्यांखाली ठेवायचं मनात होतं. पण तिथं तुम्ही आधीच पुरते तिचे आहात. माझं पत्रही तिथं कशाला? घरीच ठेवते.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला जाऊन दोन ब्रश आणले, बाबा. हिरवा लेकीला दिला. तिला लाल आवडतो, हे मला माहीत होतं. लाल मी स्वतःला ठेवून घेतला.