पाच ठिपके आणि सौनाची शेगडी

तळ्याकाठची प्रयोगशाळा,
बुधवार, जेवणानंतर

प्रिय ताउनोमामांना वेइक्काचा गारठलेल्या बोटांनी नमस्कार.

पोचल्यावर लगेच पत्र टाकतो, असं नाताळात म्हणालो होतो. आता फेब्रुवारी संपत आला. कबूल करतो, आळसच केला. दोनदा सुरुवात केली होती. एकावर कॉफी सांडली, दुसऱ्या कागदाच्या पाठीवर एका मुलीनं तिचा पत्ता लिहून दिला (ते जपून ठेवलंय). तुमची कंबर कशी आहे? मामींच्या मांजरीला पिल्लं झाली का?

रेनडिअर हाकायची नोकरी सुटली (रेनडिअरांचंही तेच मत होतं). आता मी इथे यंत्रांना थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन ओततो आणि पडद्याकडे बघत बसतो. मामा, काय बघतो ते ऐका! इर्मेलीबाई इथल्या मुख्य. त्या एका धातूवर दुसऱ्याचे कण आदळवून असा अणुगर्भ घडवू पाहतात, की ज्यात प्रोटॉन जरा जास्तच कोंबलेत. तुमच्या होडीत सहाजणांच्या जागी नऊजण बसवले तर शेवटच्याचं काय होईल? तेच. त्याला धड आत राहवत नाही, आणि बाहेर पडायला वाटेत भिंत. मग तो काय करतो, भिंत न फोडता पलीकडे निसटतो! (मला हा प्रोटॉन फार जवळचा वाटतो. आईलाही वाटेल.) सगळा खेळ डोळ्याची पापणी लवण्याआधी आटोपतो, आणि पडद्यावर उरतो एक ठिपका. हा गर्भ अजून जगात कुणीच पाहिलेला नाही. बाई सव्वीस वर्षं त्याच्या मागे आहेत, आणि उद्या दुपारी बारा वाजता यंत्र दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार.

तर सोमवारी दुपारी एक चाळीसला ठिपका आला! अगदी हव्या त्या जागी! बाई रडल्या, मग हसल्या, मग वेलदोड्याचे पाव मागवले. तीनपर्यंत आणखी चार ठिपके. मी तर टेबलावर चढलो. आनंद झाला की इथे सगळे सौनाच्या गरम खोलीत घाम गाळायला जातात, आणि शेगडी (योगायोगानं) तापलेलीच होती. बाई आत गेल्या, आणि दहाच मिनिटांत टॉवेल गुंडाळून, टोमॅटोसारख्या लाल होऊन पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वेइक्का, नशीब इतकं उदार कधीपासून झालं रे? जा, ती शेगडी बंद-चालू कर बघू."

केली. टक्, ठिपका. टक्, ठिपका. बटणाच्या विजेचा झटका थेट आमच्या पडद्यावर! अख्ख्या फिनलंडात शेगडीचे प्रोटॉन मोजणारे आम्हीच पहिले.

बाईंनी चार ठिपके खोडले. पहिल्यापाशी पेन थांबलं. "शेगडी कधी लावलीस?"

"ठिपक्यानंतर," मी म्हणालो. "खुर्चीतच होतो की मी."

त्या एका ठिपक्यावर बाईंची सव्वीस वर्षं टांगलीत, मामा, आणि तो ठिपका माझ्या शब्दावर.

कळावे, लोभ आहेच; तो या पत्रानंतरही राहू द्या.
वेइक्का

ता. क. मी खुर्चीत नव्हतो. ओले मोजे वाळवायला सौनात गेलो होतो. नव्या शेगडीची बटणं कळेनात म्हणून तुम्हालाच फोन केला, आठवतंय? ("लाल दाब, गाढवा," असं म्हणालात.) तो फोन किती वाजता आला, ते तुमच्या फोनमध्ये बघून प्रयोगशाळेत कळवा. एक चाळीसच्या आधी की नंतर? माझा फोन गोठलेल्या तळ्याच्या बर्फातल्या भोकात आहे. सौनानंतरची गार डुबकी मी मारली, पण तोही झग्याच्या खिशातून आला. तुमचा नंबर त्यातच होता. पत्र बसवाल्याच्या हाती देतोय.

ता. क. दुसरा. आत्ताच बाईंना खरं सांगून आलो. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेगडीचा फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता खरंच खुर्चीत बस." बसलोय. बसून हे लिहितोय.

ता. क. तिसरा. मामा! शेगडी थंडगार, फ्यूज माझ्या खिशात, मोजे पायात, आणि आत्ता, याच मिनिटाला, पडद्यावर त्याच जागी, नवा ठिपका आलाय बघा! बाईंना हाक मारतो. फोनची वेळ तरी बघाच!