बाईंचे केस संपत आलेत

आत्या,

नमस्कार. (आई म्हणाली पत्रात पायाही पडायचं असतं. पडले.) तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळे मजेत, म्हणजे आजोबा सोडून, आणि आजोबाही आता सुधारतायत, पण त्यात एक घोळ झालाय. फोनवर माझी बोबडी वळते, म्हणून लिहिते. शाळा नववीतच सोडली, तेव्हा चुका पोटात घाल.

गेल्या वर्षी तू आजोबांना म्हणालीस ना, की हात थरथरतो, कोणाचा कान जायच्या आत दुकान बंद करा? केलं त्यांनी. खुर्च्या विकल्या, आरसे विकले आणि तोंडही बंद केलं. (तुझ्याशी रागाने, आमच्याशी बहुतेक सवयीने.) जेवण वाढलं की 'हं', झोपा म्हटलं की 'हं'. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, पण म्हाताऱ्या माणसांच्या मानसतज्ज्ञ बाई आहेत, त्यांना दाखवा. माझ्या कामाच्या लॉन्ड्रीला गुरुवारी सुट्टी, म्हणून न्यायला मी. झालं, न बोलणाऱ्याला घेऊन न बोलणारी निघाली.

मला वाटलेलं तिथे पलंगावर झोपवून डोळ्यांसमोर काहीतरी हलवत असतील. तसलं काही नाही गं. समोरासमोर खुर्च्या आणि एक कुंडी. आधी फॉर्म: झोप लागते का, रडू येतं का, कशात मन लागतं का. मग घड्याळ काढा, आठवतील तेवढे प्राणी सांगा. आजोबांनी घड्याळ झकास काढलं, सगळ्या प्राण्यांना मिळून एक 'हं' दिला. बाई म्हणाल्या, घाई नाही. मग पाऊण तास आम्ही तिघं गप्प बसलो. (मला फार आवडलं.)

दुसऱ्या गुरुवारी बाई खिडकी लावायला उठल्या, पाठमोऱ्या झाल्या, आणि आजोबा म्हणाले, "मागे कोणी कापले हो? उंदराने?"

बाई गर्रकन वळल्या. आजोबा गप्प. बाई परत खिडकीकडे वळल्या. आजोबा सुरू! मग आमच्या लक्षात आलं. पन्नास वर्षं हा माणूस लोकांच्या डोक्यामागे उभं राहून, आरशात बघून बोललाय. समोरासमोर बसून बोलायचं कसं, हे त्यांना येतच नाही. बाई हुशार. खुर्ची फिरवली, गळ्यात टॉवेल बांधला आणि मला मोरीतला आरसा काढून समोर धरायला लावला. (आरशामागे तोंड लपतं, म्हणून मी तयार झाले.) आधी फक्त कंगवा द्यायचं ठरलं. पण नुसत्या कंगव्याने आजोबांना हवापाण्यावरच बोलता येतं. खरं काही सांगायला कात्री लागते. बाईंनी ड्रॉवरमधली कागदाची दिली.

आता आजोबा तास-तासभर बोलतात. हात अजून थरथरतोच, त्यामुळे बाईंची डावी बाजू जरा वर गेली, मग बरोबर करायला उजवी, मग परत डावी. बाहेर बसलेल्या एका आजी विचारत होत्या, इथे दाढीही करतात का. काल तर एक रिटायर्ड मास्तर घरूनच टॉवेल घेऊन आले, म्हणाले, मन वगैरे ठीक आहे, मागून जरा बारीक करायचेत.

घोळ असा, की कात्री हातात आल्यापासूनच्या पाच गुरुवारांत बाईंच्या डोक्यावर बोटभर राहिलेत. बाई म्हणतात अजून सहा वेळा तरी यायला हवं, आत्ता सोडलं तर परत 'हं'. पण सहा वेळा पुरेल एवढं माझं डोकं नाही, असंही म्हणतात. बाबांचं टक्कल तुला माहीतच आहे. माझे सोमवारी घरीच संपले. (बघशील तर ओळखणार नाहीस.) आई म्हणते, मी सून आहे, सासऱ्यांपुढे मान खाली घालते तेवढं पुरे.

बाकी ठीक. कंबरेला जप.

तुझी
मुकी भाची

ता. क. खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, असा बाईंचा कडक नियम आहे. आरसा धरते म्हणून मलाही शपथ घ्यायला लावली. तेव्हा आजोबा काय बोलतात ते मी मेले तरी सांगणार नाही. कोणाबद्दल बोलतात ते सांगू नकोस, असं मात्र बाई म्हणाल्या नाहीत. तुझ्याबद्दल. पाचही गुरुवार.

ता. क. २ गुरुवारी अकराला ये. काही बोलायचं नाही, माफी-बिफी तर अजिबात नाही. नुसतं पाठ करून बसायचं. आणि येताना केस कापून येऊ नकोस.