बाबांच्या मापाची पेटी

१० मार्च

प्रिय दादा,

माझं अक्षर पाहून दचकला असशील. आम्ही दोघं मजेत आहोत, तुम्हीही असाल. वहिनीची पाठ आता कशी आहे? बाबा जेवतात, झोपतात, माझ्या प्रत्येक कामात खोट काढतात. म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे.

एक बारीकसं काम होतं. तुझ्या एखाद्या जोमदार मधपेटीतून ताजी अंडी असलेली एक चौकट पाठवशील का? आमची राणीमाशी गेली. अंडी मिळाली तर कामकरी माश्या त्यातून नवी राणी वाढवतील, हे तुला मी काय सांगणार. ती कशाने गेली ते कळलं नाही. यंदा ऊन लवकर तापलं, त्याने असेल. लाकूडही जरा ओलं निघालं. होतं असं कधी कधी.

बाकीच्या पेट्या मागच्या वर्षी रोगाने गेल्या, ही एकच उरली आहे. आसपास आता कोणाकडेच माश्या नाहीत, म्हणून तुला विचारते आहे. तशी घाई नाही. पण याच आठवड्यात जमलं तर बरं. उद्या जमलं तर फारच बरं. बेकरीवाल्याची गाडी तुमच्या बाजूला येते, ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. चिठ्ठी वगैरे घालू नकोस. मलाच वाचून दाखवावी लागेल आणि मग सगळं बाहेर येईल.

तुझी,
काडी


१६ मार्च

दादा,

चौकट पोचली. ओलं फडकं, भुसा, सुतळी, किती निगुतीने बांधली होतीस. पण ती बसली नाही रे.

तुझी चौकट सगळीकडे चालणाऱ्या ठरीव मापाची, बाबांची पेटी त्यांच्या स्वतःच्या. लांबीलाही जास्त, उंचीलाही जास्त. चौकटीच्या वरच्या पट्टीचे कान कडेच्या खाचेला टेकलेच नाहीत, ती थेट तळाला गेली. याच मापावरून तुम्ही दोघांनी इतकं ताणलंत की तू घर सोडलंस, आणि नेमकं तेच मी विसरले. तू म्हणायचास, कुणाचीही चौकट कुणाच्याही पेटीत बसली पाहिजे, अडीनडीला तीच उपयोगी पडते. बाबा म्हणायचे, माझ्या माश्यांना दुसऱ्याच्या घरी जायची गरज नाही. तेव्हा मला दोघांचंही पटायचं. ज्याचं जेवताना कानावर पडेल त्याचं पटायचं.

मग तुझ्या चौकटीतला पोळ्याचा तुकडा कापून मी बाबांच्या चौकटीत दोऱ्याने बांधला. उपयोग झाला नाही. अंडी वाटेतच सुकली असावीत. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर माश्यांनी सगळी घरं चाटूनपुसून रिकामी केली होती. मी पेटीशेजारी मातीत बसून रडले. आता माझ्याकडे कुठलीच युक्ती उरलेली नाही.

मागच्या पत्रात मी तुला थापा मारल्या. लाकूड चांगलं कोरडं होतं. दादा, बाबांना दिसत नाही. उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते आहे.

दिसत नसलं तरी त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. थंडीत उरलेल्या माश्यांसाठी त्यांनी नुसत्या चाचपण्यावर ही नवी पेटी केली, मला रंधासुद्धा धरू दिला नाही. भिंत आणि चौकट यांच्यात माशीला जाण्यापुरतीच वाट ठेवायची. कमी ठेवली तर त्या डिंकाने बुजवतात, जास्त ठेवली तर तिथे पोळं बांधतात. हे आपल्याला त्यांनीच शिकवलं ना? त्यांच्याच पेटीत एका बाजूला चांगली बोटभर फट राहिली. माश्यांनी तिथे पोळं बांधलं आणि कडेची चौकट भिंतीला चिकटून बसली. बाबांनी ती जोर लावून ओढली. पोळं फाटलं, आणि राणी त्यात चिरडली गेली. ती मला तळाशी सापडली. मी ती मुठीत लपवली आणि म्हटलं, सगळं ठीक आहे बाबा.

पण त्यांना फसवणं सोपं आहे का? रोज सकाळी ते पेटीला कान लावून बसतात. राणी असली की आवाज एकसारखा, शांत येतो. ती नसली की माश्या कण्हल्यासारख्या वाजतात. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बराच वेळ कान काढलाच नाही. मग म्हणाले, “हिच्यात राणी नाही. तुला ठाऊक होतं.”

मी त्यांचा हात धरला.

“माझ्या हातून गेली?”

मी तो आणखी घट्ट धरला, आणि त्यांना काय ते कळलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. दोन घास भरवले तर एक बाहेर येतो. पेटीकडे फिरकत नाहीत. मला फार भीती वाटते दादा. ही पेटी गेली तर बाबा राहणार नाहीत. मी उगाच घाबरवत नाहीये. तू त्यांना पाहिलेलं नाहीस.

आज सकाळी पाणी प्यायला उठले तेव्हा टेबलावरच्या तुझ्या रिकाम्या चौकटीला त्यांचा हात लागला. कुणाची ते विचारलं नाही. कोपरे चाचपले, कान चाचपले, कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “सांधे चांगले बसवलेत त्याने.” इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल हे पहिलं वाक्य.

थोड्या वेळाने म्हणाले, “माझी पेटी काप. याच्या मापाची कर.”

मी करवत आणायला निघाले तर म्हणाले, “तू नको. त्याला बोलाव.”

म्हणून हातापाया पडते, ये. चौकट कुणाबरोबर पाठवू नकोस. माश्यांसकट, मांडीवर धरून, स्वतः घेऊन ये. करवतही आण. आमच्या करवतीला धार नाही, बाबांना लागू नये म्हणून मीच ती घालवली. फार दिवस हातात नाहीत. राणीवाचून राहिलेल्या कामकरी माश्या स्वतःच अंडी घालायला लागतात, त्यातून नुसते नर निघतात, आणि मग त्या कुठलीच राणी स्वीकारत नाहीत. राणी एका घरात एकच अंडं घालते, काल एका घरात मला दोन दिसल्यासारखी वाटली. मी झाकण लावून टाकलं. पुन्हा उघडून बघायचा धीर झाला नाही.

बाबांनी पेटीवर कुठे कापायचं ती रेघ स्वतः मारून ठेवली आहे. तुझी चौकट बाजूला उभी धरून, बोटांनी अंदाज घेत, चारही बाजूंना. “सरळ आलीये ना?” असं विचारलं. मी हो म्हटलं. एका टोकाला ती इतकी खाली उतरली आहे की तू पाहिलंस तर तुला बघवणार नाही. तिच्यावरून कापू नकोस, तुझ्या मापाने काप. फक्त कापताना त्यांचा हात पेटीवर राहू दे.

पेटीतून अजून आवाज येतो आहे, तोवर तुझी वाट पाहणारी,
काडी