कुलूप नव्हतं, असं तुम्ही लिहून दिलंत

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही, आणि आज वाटतंय तेही प्रेमापोटी नव्हे. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, तिथे काल अमेरिकेच्या औद्योगिकीकरणाचा तास होता. रेल्वे, पोलाद, गावं सोडून शहरांत लोटलेली माणसं, मग संप, मग कामगारांसाठी झालेले कायदे. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तिकडे आग लागली अन् कायदे झाले. आपल्याकडे आग लागते तेव्हा काय होते?" वर्ग हसला. घंटेला दहा मिनिटं होती, तरी मी वर्ग सोडून दिला.

हा धडा मला तुम्ही शिकवला होता. अकोल्याच्या जुन्या शहरात आपली शाळा, मी अकरावीत. तुम्ही पुस्तक मिटून शिकवायचात. न्यूयॉर्कमधला तो शिवणकामाचा कारखाना तुम्ही आमच्यापुढे असा उभा केलात की पंख्याचा आवाजही ऐकू येईनासा झाला. वरच्या मजल्यावर मशिनींपुढे वाकलेल्या पोरी, त्यांनी माल चोरून नेऊ नये म्हणून कुलूप घातलेलं दार, आणि खिडक्यांतून रस्त्यावर पडणारी माणसं. खाली गर्दीत उभी राहून ते पाहणारी एक बाई पुढे त्या देशाची मजूरमंत्री झाली, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. मग तुम्ही म्हणालात, "कायदा आगीनं होत नसतो. ज्यानं पाहिलं, त्यानं सांगावं लागतं." ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. त्या वयात तुमच्याएवढा मोठा माणूस मला दुसरा माहीत नव्हता.

माझी माय तेव्हा जिनिंगमध्ये जायची. आत रेचे, म्हणजे जिनिंगची यंत्रं, कापसातून सरकी वेगळी काढायचे आणि बाजूच्या खोलीत बायका कापसातला काडीकचरा वेचायच्या. सुटी होईपर्यंत त्या खोलीला बाहेरून कुलूप. बाया लुगड्यात कापूस लपवून नेतात, असं जिनिंगच्या मालकाचं, शेटजींचं म्हणणं. तुमचा धडा मी घरी येऊन मायला जसाच्या तसा सांगितला. ती भाकर थापत ऐकत होती. "आमच्याबी दाराले कुलूपच रायते," ती म्हणाली. "अमेरिकेत काय अन् इथं काय." आणि भाकर तव्यावर टाकली.

त्याच हंगामात एका रविवारी दुपारी रेच्यात खडा अडकला, ठिणगी उडाली आणि रुईनं पेट घेतला. खोलीत आठ बायका होत्या. किल्ली असलेला मुकादम जेवायला गेला होता. तुमचं घर जिनिंगच्याच गल्लीत. धूर दिसला तसे तुम्ही बनियनवरच धावलात, रस्त्यातला दगड उचललात आणि कुलूप तुटेपर्यंत घालत राहिलात. सहा जणी बाहेर आल्या. दोघी आल्या नाहीत. माय दाराशीच होती. दाराच्या गजांतून हात घालून तापलेलं कुलूप हलवून हलवून तिचे दोन्ही तळवे जळून गेले होते. इथपर्यंत, सर, तुम्ही धड्यातल्या कोणाहीपेक्षा मोठे होता.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. आपल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेच शेटजी, हे गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. पंच दोन, एक त्यांचा मुनीम आणि दुसरे तुम्ही. त्यात लिहिलं होतं: दार उघडे होते, कुलूप आढळले नाही, बायकांनी घाबरून दारात गर्दी केल्यामुळे दुर्घटना घडली. खाली तुमची वळणदार सही. सरकारी दवाखान्यात हे मायच्या कानावर गेलं तेव्हा ती रागावली नाही. बांधलेले हात पुढे धरून मलाच विचारत राहिली, "कुलूप होतं ना बाई? म्या हालवलं ना ते? तुया मास्तरनंच तं फोडलं." पुन्हा पुन्हा तेच. स्वतःच्या हातांवरचाही तिचा भरवसा तुम्ही काढून घेतलात.

मी तुमच्या घरी आले. तुम्ही बस म्हणालात, मी बसले नाही. "कुलूप तुम्हीच फोडलंत सर," मी म्हटलं.

"शाळा कोणाची आहे, ठाऊक आहे ना? मी सांगितलं असतं तर त्या दोघी परत आल्या असत्या का?"

"पाहिलं त्यानं सांगावं लागतं, असं तुम्हीच म्हणाला होता."

तेव्हा तुमची वर्गातली शुद्ध भाषा गळून पडली. "ते अमेरिकेचं होतं! पुस्तकातलं पुस्तकात ठेव. मले कावून छळून राहिली तू?" तुमच्या उजव्या हाताला पट्टी होती, दगड घालताना सोलला असणार. मी पट्टीकडे पाहतेय हे कळल्यावर तुम्ही तो हात टेबलाखाली घेतलात.

प्रकरण अपघात म्हणून मिटलं. महिन्याभरात जिनिंग सुरू झालं, दार नवीन, कुलूपही नवीन. पुढच्या वर्षी तुम्ही तो धडा परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलात, असं खालच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं. येत होता तो परीक्षेला. मायची बोटं आखडली ती आखडलीच. अकरा वर्षं मी भाकरी केल्या आणि तिला घास भरवला. ती भाकर जाड झाली म्हणून नावं ठेवायची. तुम्हाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. "त्यानं दार तं उघडलं ना," म्हणायची. मला तेच सोसत नाही. तुम्ही धावला नसतात तर चार भित्र्यांतले एक म्हणून मी तुम्हाला विसरूनही गेले असते.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुमच्या शोकसभेला मी आले होते. पंचनाम्याचं सगळं भरसभेत सांगायचं, हे ठरवून आले होते. मला बोलायला उभं केलं आणि मी म्हणाले, "सरांनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं." माना हलल्या. पहिल्या रांगेत तुमच्या पत्नीनं डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याकडे पाहून माझे शब्द फिरले, असं मी एकवीस वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मंचावर शेटजींचा मुलगा बसला होता. हे कॉलेजही त्याच संस्थेचं, आणि माझी कायम नेमणूक त्या महिन्यात व्हायची होती. ती झाली.