एकाच बाईंनी शिकवलेला शेवट

प्रति,
मा. विभागीय परीक्षा अधिकारी,
इंग्रजी भाषा प्रमाणपत्र मंडळ, पिरेअस.

विषय : निबंधाचा शेवट इतरांसारखा आला म्हणून 'नक्कल' ठरवून रद्द केलेली माझी उत्तरपत्रिका पुन्हा तपासण्याबाबत.
संदर्भ : आपले निकाल रद्द केल्याचे पत्र.

महोदय,

१. मी, गारिफालिया मुस्तू, राहणार लिथारी बेट, कळविते की, आमच्या बेटावरील सर्व परीक्षार्थींचा शेवटचा परिच्छेद 'ऑल थिंग्ज कन्सिडर्ड', म्हणजे 'सर्व बाजूंचा विचार करता', याच शब्दांनी सुरू होतो, म्हणून आम्ही सारे चोर ठरलो आहोत.

२. महोदय, बेटावर इंग्रजी शिकवणाऱ्या स्मारोबाई एकट्याच. माझ्या आईलाही त्यांनीच शिकवले. परीक्षेआधी त्या सगळ्यांना ओळीने उभे करून हे शब्द चर्चमधल्या प्रार्थनेसारखे घोकून घेतात आणि वर दम भरतात, "दोन्ही बाजू तोलल्याशिवाय हे लिहिलंत तर कान उपटीन!"

३. मी तोलले होते. विषय होता, तरुणांनी गाव सोडावे का. वारा सुटला की बोट येत नाही, बाळ तापाने फणफणले तरी डॉक्टर समुद्रापलीकडेच, हे लिहिले. बाळाचा पापा घेतल्याशिवाय आमचा पाववाला पुढे सरकत नाही, हेही लिहिले. मगच ते शब्द लिहिले.

४. आपल्या कार्यालयात फोन केला असता तेथील गृहस्थ हसले. "काय हो ताई, अख्ख्या बेटाला एकच डोकं का?" माझा निबंध वाचलात का, असे विचारता म्हणाले, "शेवट जुळला, मग वरचं कशाला वाचायचं?" महोदय, आम्हा सगळ्यांना पोहायलाही एकाच म्हाताऱ्याने शिकवले. सगळे हात सारखेच मारतो. म्हणून कोणी दुसऱ्याच्या दमावर पोहत नाही.

५. येथील बालवाडीत मदतनिसाची जागा मला या प्रमाणपत्रावरच मिळणार आहे. ती गेली तर पलीकडे जाऊन काम धरावे लागेल. नवरा जहाजावर, माझी लेक लेनिओ सासूबाईंपाशी राहील. ती नुकतीच 'आई' म्हणू लागली आहे, ते मी बोटीच्या तिकिटाच्या भावात विकणार नाही. आत्ता ती माझ्या डाव्या हातावर झोपली आहे, कागद सरकतो आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. बाकी कशाबद्दलही नाही.

६. तरी माझा निबंध पहिल्या ओळीपासून वाचावा. शंका असल्यास समोर बसवून नवा विषय द्यावा. मूल कडेवर घेऊन लिहीन.

७. या अर्जाचा समारोप मी मुद्दाम लिहिलेला नाही. 'ऑल थिंग्ज कन्सिडर्ड' हे शब्द दोन्ही बाजू वाचलेल्या माणसाने लिहायचे असतात. खाली जागा कोरी ठेवली आहे. आपण वाचा, आणि मग लिहा.

आपल्या वाचण्याची वाट पाहणारी,
गारिफालिया मुस्तू
लिथारी, ३ मार्च

सोबत : आपल्या इंग्रजी पत्राची प्रत (लाल शाईतल्या दुरुस्त्या स्मारोबाईंच्या आहेत).