मावशी बरी झाली ते वर्ष

३ ऑगस्ट

दोन डावे पाय. आज जीन्सला मी दोन डावे पाय जोडले. एका नाही, सहा जीन्सना. सहावी शेजारच्या मशीनवरच्या येनीने उचलली आणि सगळ्या कारखान्याला दाखवली. "मार्लेनी, हे गिऱ्हाईक कुठलं गं? नाचायला लागलं की एकाच बाजूला फिरतं, ते?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग संडासात जाऊन नळ सोडून बसले.

एकवीस वर्षं पाय जोडतेय. झोपेतही जोडले असते.

मी सेहेचाळीसची आहे. आईला चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं.

५ ऑगस्ट

झोप तीन तास. पहाटे चादर पिळावी इतकी ओली. बाहेर गवतावर दव गोठलंय आणि मी खिडकी सताड उघडून उभी! सालोमे डोळे चोळत आली. "आई, तू अंघोळ केलीस?" हो म्हटलं. अकरा वर्षांच्या पोरीला आणखी काय सांगू?

११ ऑगस्ट

ओतिलियामावशीने आज दारं विचारली.

आमच्याकडे चाळिशीतलं कोणी एकच गोष्ट दोनदा बोललं, की मावशी त्याला बाकावर बसवते. चर्चपासून आमच्या घरापर्यंतची दारं क्रमाने सांगायची, कोणाकोणाची ते. एकतीस दारं. मेदेयीन शहरातले डॉक्टर नंतर येतात, रक्त घेतात, कागदावर घड्याळ काढायला लावतात. पण घरातला निकाल मावशीचा. आईचा तिनेच सांगितला, गुस्तावोमामाचाही. चाळिशीपासून विसरत विसरत मरण्याला गाव आमच्या घराण्याचं बावळेपण म्हणतं. आईला किंवा बापाला असलं, तर प्रत्येक मुलाचं नाणं उडवलेलं. छापा की काटा ते रक्तात दिसतं. विचारलं तर सांगतातही. मी विचारलेलं नाही.

सव्विसाव्या दाराशी अडकले. रोज तिथे पाव घेते. नाव येईना.

 मावशी माझा हात हातात घेऊन बसली. तेवढ्यावरून कळलं.

१२ ऑगस्ट

आर्बोलेदा! पाववाले आर्बोलेदा. भांडी घासताना आठवलं. आता काय उपयोग?

१९ ऑगस्ट

दोन महिने पाळी नाही आणि आज चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पूर. बाक, झगा, सगळंच. येनीने स्वतःची घोंगडी काढून माझ्या कमरेला गुंडाळली. "ऊठ. देवाने याहून वाईट पाहिलंय."

संध्याकाळी मावशी शेंगा सोलत होती. विचारलं, आईची पाळी कधी गेली? जाताना कशी गेली?

"तिलाच कळलं नाही, पोरी, मला काय सांगणार? तेव्हा चमचा कशाला असतो तेही तिला ठाऊक नव्हतं."

"आणि तुझी?"

"गेली कधीतरी. सोल त्या शेंगा."

आजीचंही तसंच झालं. पणजीचंही. या वयात बाईचं काय होतं हे सांगायला आमच्या घरात एकही बाई शुद्धीवर उरली नाही. मावशी उरली, तर ती शेंगा सोलते.

२७ ऑगस्ट

सालोमेवर ताट फेकलं. म्हणजे भिंतीवर. पण तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. का, तर ती म्हणाली मक्याची आरेपा जळली. जळलीच होती. मला धूर दिसत होता आणि तरी माझा हात उठला. तो हात माझा नव्हता असं लिहावंसं वाटतं. माझाच होता.

तिने तुकडे गोळा केले.

आईने माझ्यावर कढई फेकली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पुढे दहा वर्षं तिला भरवलं, धुतलं. ती मला म्हणायची, "ओ बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण माझी मुलगी कधी येणार?"

सालोमेने हे बघायचं?

२ सप्टेंबर

मी तेरा वर्षांची असताना मावशी समुद्राकडून, केळीच्या मळ्यांतून परत आली. एकटी, एक पेटी घेऊन. पंचेचाळिशीची होती तेव्हा. स्वतःच म्हणाली, मला सुरू झालंय, आपल्या माणसांत मरायला आले. झोप नाही, नावं आठवत नाहीत, बसल्या जागी रडू येतं. मग तिने चर्चमधल्या कार्मेनच्या मातेला नवस केला आणि दोन-तीन वर्षांत खडखडीत बरी झाली. आज अठ्ठ्याहत्तरची आहे, एकतीस दारं उलटीसुद्धा म्हणते. आमच्या घराण्यात बरी झालेली ती एकटीच. नवस काय होता ते कोणाला ठाऊक नाही. सांगितला की फुटतो.

आज जेवणानंतर म्हणाली, "मेणबत्त्यांनी भागत नाही, मार्लेनी. गुस्तावोने मेणबत्त्याच लावल्या. जिवाहून प्यारं असेल ते द्यावं लागतं. आणि दिल्यावर मागे वळून बघायचं नाही."

"माझ्याकडे काय आहे देण्यासारखं?"

अंगणात सालोमे दोरीवरच्या उड्या मारत होती. आम्ही दोघी तिकडेच बघत होतो.

८ सप्टेंबर

केला नवस. सालोमे अठरा वर्षांची होईपर्यंत तिचं तोंड बघणार नाही. माझं ते रूप तिच्या दृष्टीस पडायला नको. आणि माता प्रसन्न झाली तर ते रूप येणारच नाही.

सालोमेच्या बापाला, विल्मारला, फोन केला. मेदेयीनला राहतो, नवी बायको आहे, बरी आहे म्हणतात. "पाठव," म्हणाला. कारण विचारलं नाही. आमच्या घरात लग्न केलेल्यांना कारणं विचारावी लागत नाहीत.

१४ सप्टेंबर

साडेसातची बस. तिने खिडकीतून विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, बघू. बस वळणापलीकडे गेली आणि मला घाम फुटला. तेवढ्या थंडीत. शेजारची बाई वारा घालायला लागली.

१५ सप्टेंबर

तिची उशी उन्हात घातली नाही. वास जाईल.

२३ सप्टेंबर

काही फरक नाही.

३ ऑक्टोबर

येनीने ओढत नेलं, खालच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात. "बावळेपण असो की शहाणपण, तू मशीनवर डोकं टेकून झोपतेस. एक दिवस सुई डोळ्यात जाईल. मग आंधळी आणि बावळी, दोन्ही सांभाळू का आम्ही?"

डॉक्टरबाई तरुण आहे. एकामागून एक विचारत गेली. पाळी? झोप? घाम रात्रीत किती वेळा? छाती धडधडते? सांधे? चिडचिड? मग म्हणाली, "विसरता म्हणजे कसं? माणूस कोण आहे ते विसरता, की नुसतं नाव?"

"नुसतं नाव."

"नंतर आठवतं?"

"भांडी घासताना."

ती हसली. माझ्या या दुखण्यावर हसलेली ती पहिलीच. राग आला नाही.

म्हणाली, पाळी कायमची जाण्याआधी काही वर्षं असं होतं. चार, पाच, कधी आठ. अंगातली संप्रेरकं सरळ उतरत नाहीत, आज वर, उद्या खाली, म्हणून एका दिवसाच्या रक्तावरून नेमकं सांगता येत नाही. तुमचं वय आणि तुम्ही सांगताय ते, एवढं मला पुरे. झोप गेली की नावं जातात, राग येतो. बऱ्याच जणींचं होतं हे.

बऱ्याच जणींचं! मग मला कोणी कसं सांगितलं नाही?

मी घराण्याचं सांगितलं. तिला ठाऊक होतं, या डोंगरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग सावकाश म्हणाली, "ते तुम्हाला नाही असं मी म्हणू शकत नाही. पण हे तुम्हाला आहे, आणि याच्यावर औषध आहे. आधी हे धुकं हटवू. मागे आणखी काही उभं असलं तर तेव्हा दिसेल."

घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर? पायात रक्ताच्या गुठळ्या? नाही. स्वतः तपासलं, रक्तदाब पाहिला. पोटावर चिकटवायची संप्रेरकांची पट्टी दिली, आठवड्यातून दोनदा बदलायची. झोपताना एक गोळी. घाम, झोप, रक्तस्राव, सगळं रोज लिहून ठेवा. रोज चाला. दुपारनंतर कॉफी बंद. कॉफीच्या या देशात!

११ ऑक्टोबर

सलग पाच तास झोपले. जाग आली तर उजाडलेलं. आपण मेलो की काय असं वाटलं.

२४ ऑक्टोबर

घाम: एकदा. झोप: सहा तास. आज कोणावर ओरडावंसं वाटलं नाही. ओरडायला घरात कोणी नाही म्हणा.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईच्या कबरीवर फुलं ठेवली. तिथेच मावशीने दारं विचारली. मी चर्चपासून निघाले आणि थेट घरी पोहोचले. एकतीस. मधे थांबलेसुद्धा नाही.

मावशी तिथेच, ओल्या गवतात गुडघ्यांवर बसली. रडत होती. "ऐकलं मातेने. ऐकलं गं!"

मी पट्टीबद्दल सांगितलं.

"चिकटपट्टीने डोकं ताळ्यावर येतं? बोकडाला लाव जा, पाद्र्यासारखी मिस्सा म्हणेल." मग माझा दंड घट्ट धरला. "नवस मोडायचा विचार मनात आणू नकोस. मोडलास की ते परत येईल. मी मोडला नाही, म्हणून बसलेय इथे."

६ नोव्हेंबर

सालोमेचा फोन. "मावशीआजी म्हणाली तू बरी झालीस. मग मी येऊ?"

आजारी असते तर ती यायला नको होती. बरी आहे ती नवसाने, म्हणून तिला आणता येत नाही. मी म्हटलं, जेवलीस का? "आई, सकाळचे अकरा वाजलेत," म्हणाली. आणि मग अगदी हळू, "तू खरंच बरी आहेस ना?"

७ नोव्हेंबर

पट्टी काढली. गोळी बंद. डॉक्टरबाईला विचारलं नाही, तिने नको म्हटलं असतं. मला कोणी बरं केलं ते कळलंच पाहिजे. नवस जिथे आहे तिथे आहे, त्याला हात लावलेला नाही. बघू.

१८ नोव्हेंबर

घाम: तीनदा. झोप: तीन तास.

२२ नोव्हेंबर

कात्रीला काय म्हणतात ते आठवेना. येनीला म्हटलं, ते दे, ते उघडमिट होतं ते. तिने कात्री दिली. आज चेष्टाही केली नाही.

नवस तर मी मोडला नव्हता.

२४ नोव्हेंबर

सकाळी पट्टी लावली. दुपारी मावशी आली तेव्हा चॉकलेट उकळून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. काढली, परत आलं, आता पुन्हा लावली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. पेल्यात बघत म्हणाली,

"घाम छातीतून वर चढतो?"

"हो."

"आणि त्याच्या आधी भीती येते? पायरी चुकल्यासारखी?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाईलासुद्धा नाही.

"हो."

"हातावरून मुंग्या चालतात. असतात का बघावं, तर नसतात."

मी मान डोलावली.

"आणि मग? औषध नाही घेतलं तर? मरेपर्यंत राहतं?"

"नाही गं. डॉक्टर म्हणाली, पाळी कायमची गेली की हळूहळू आपोआप ओसरतं. बहुतेकींचं. दोन वर्षं, चार वर्षं."

"आपोआप," मावशी म्हणाली.

पेला खाली ठेवला, अर्धा तसाच. शाल घेतली आणि गेली. दार लावायचं राहिलं.

मला आनंद व्हायला हवा. झाला नाही. पट्टीने झोप येते, नाणं पालथं होत नाही. माझं अजून हवेतच आहे. पण सालोमेला दूर ठेवल्याने तेही खाली येणार नाही. एवढं मला आज कळलंय, आणि विसरायच्या आत लिहून ठेवतेय.

२५ नोव्हेंबर

सालोमेला आणायला साडेसातच्या बसने निघाले होते. दारात मावशी. आत आली नाही. उभ्या उभ्या नवस सांगितला.

मुलगी होती. यादिरा. सहा वर्षांची. समुद्राकाठी तुर्बोला, बापाच्या बहिणीकडे ठेवली. मागे वळून पाहिलं नाही. तेहेतीस वर्षं.

"मग मी कशातून बरी झाले गं, मार्लेनी?"

बसचा भोंगा वाजला. ती हलली नाही.

"चाळिशीला टेकली असेल. तिला आता घाम फुटायला लागेल. आणि तिला वाटेल, आपल्या आईचं बावळेपण आलं. तिला कोण सांगणार?"