सातव्या मजल्यावरचा इंग्लिश समर

३ मे, शनिवार. सकाळ.
ठरलं. आजपासून कॉटेज गार्डन.
क्लायंटच्या कृपेने मागे एकदा अख्खा जून इंग्लंडमधल्या एका खेड्यात काढला, तेव्हापासून ही बाग डोक्यात आहे. मी उतरलो होतो त्या घरामागे हॉलिहॉक, फॉक्सग्लव्ह, लव्हेंडर, गुलाबाची कमान आणि कोपऱ्यात पावसाचं पाणी साठवायचं पिंप. मालकीणबाईंची एकच तक्रार होती, की इंग्लिश समर फार छोटा, बघता बघता संपतो. आमच्या सिंगापूरला समर बारा महिने. म्हणजे बागही बारा महिने. एवढी साधी गोष्ट या बेटावर अजून कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.
आमचा फ्लॅट कॉरिडॉरच्या टोकाला. शेजारी फक्त मिस्टर गो, बँकेतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. दारासमोर कॉरिडॉरमध्ये जागेचा प्रश्न नाही. मीनलला प्लॅन सांगितला. ती म्हणाली की आधी किचनमधला कढीपत्ता जगवून दाखव. बायकोला व्हिजन समजावणं हा प्रोजेक्टचाच भाग धरावा लागतो.

११ मे, रविवार.
बिया आल्या. कुंड्या आल्या, प्रत्येकीखाली खोलगट बशी. शिवाय पक्ष्यांसाठी एक बर्ड बाथ. दगडी वाटतो, प्लास्टिकचा आहे.
पाण्याची पॉलिसी ठरवली. पुण्यात गच्चीवरच्या झाडांना बाबा नळाचं ताजं पाणी कधीच घालत नसत. बादलीत रात्रभर उघडं ठेवायचं, त्यातलं क्लोरीन उडून जातं, मग घालायचं. पाणी शिळं करायचं, असं आमच्याकडे म्हणतात. इथलं पाणी पुण्यापेक्षा स्वच्छ, म्हणजे क्लोरीन जास्त, म्हणजे जास्त शिळं करायला हवं. आठवडाभर ठेवायचं ठरवलं.
मिस्टर गो बाहेर आले. बर्ड बाथकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला म्हणाले, चारू, वॉटर कॅनॉट कीप. म्हणजे पाणी साठवायचं नाही. मी त्यांना कॉटेज गार्डनची कल्पना समजावून सांगितली. ऐकून घेतलं आणि आत गेले. प्रभाव पडला असावा.

१७ मे, शनिवार.
सगळ्या बशा कोरड्या. बर्ड बाथ उपडा. मैना फार माजल्या आहेत.
मीनल म्हणाली की मैना बर्ड बाथ उपडा करून वर पुसून ठेवत नाहीत.
सगळं पुन्हा भरलं.

२० मे.
पुन्हा तेच. घातपात!
फॉक्सग्लव्ह अजून उगवलं नाही. ते बागेच्या स्वभावातच आहे, घाई करत नाही.

२५ मे, रविवार.
लिफ्टपाशी पिवळा बॅनर लागला आहे. मागच्या ब्लॉकमध्ये तापाच्या केसेस निघाल्यात म्हणे. समोरच्या बांधकामावर चिखल केवढा आहे, डास तिथून येणार नाहीत तर काय! इथल्या खासदारांना कडक ईमेल लिहिणार आहे. मसुदा मनात तयार आहे.
मीनलने आमच्या लेकीला, अवनीला, आणि स्वतःला कसलंसं मलम फासलं. मला डास चावत नाहीत. लहानपणापासून नाही.

१ जून, रविवार. सकाळी सात.
सापडला! दाराच्या भिंगातून बघत उभा होतो. मिस्टर गो स्वतः. हाफ पँट, बनियन, हातात फडकं. एकेक बशी उचलून कॉरिडॉरच्या कडेच्या नालीत ओतत होते, पुसून जागच्या जागी ठेवत होते. वर माझ्या लव्हेंडरची वाळकी पानंही काढत होते.
दार उघडून जाब विचारला. शांतपणे, पण ठणकावून. म्हणालो की मिस्टर गो, धिस इज माय प्रॉपर्टी. ते जरा गडबडले. मग म्हणाले की त्यांची बायको अशाच तापात गेली, याच ब्लॉकमध्ये. चार दिवसांत. तेव्हापासून कुठे पाणी साठलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही.
वाईट वाटलं. मी तसं म्हणालोसुद्धा. पण तो वेगळा विषय आहे. माझं पाणी स्वच्छ आहे. डास गटारात होतात, डबक्यात होतात, हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. फिल्टरच्या तोडीच्या पाण्यात कोण अंडी घालायला बसलंय!
मीनल त्यांची बाजू घेते. तिला म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत. तिने पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघितलं. 

८ जून, रविवार.
पिंप आलं. निळं, माझ्या कमरेएवढं. इंग्लंडचं लाकडी होतं, पण लाकूड इथे कुजतं. किचनमधून पाइप ओढून काठोकाठ भरलं. आता दोन माणसांनाही हलायचं नाही.
दुपारी गो बाहेर आले. पिंपाला हात लावून पाहिला, दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. हललं नाही. थोडा दम लागला त्यांना. मग माझ्याकडे बघून आत गेले. शेवटी जिंकलो.
मीनल म्हणते झाकण तरी लाव. झाकण लावलं तर क्लोरीन उडणार कुठून? शाळेला सुट्टी असल्यामुळे अवनी दिवसभर घरात असते, तीही आईच्या सुरात सूर मिसळते. पापा, एव्हरीबडी लुकिंग अ‍ॅट अस, लाह. म्हटलं, बघू दे. बघण्यासारखं आहे म्हणून बघतात.

१४ जून, शनिवार.
आढावा. डेल्फिनियम गेलं. लव्हेंडर मुळापासून काळं. हॉलिहॉकला दोन पानं होती, त्यातलं एक आहे. फॉक्सग्लव्हची वाट बघणं चालू.
पण पिंपात जीव आलाय! आज टॉर्च मारून बघितलं. बारीक बारीक, स्वल्पविरामासारखे, शेकड्याने. वर येतात, टोकाने लटकतात, माझी सावली पडली की झटके देत खाली जातात. इतक्या लवकर! जिथे जीवसृष्टी येते ती बाग खरी. यांच्यामागून बेडूक येतील, किंगफिशर येईल.
अवनीला हाक मारून दाखवलं. ती किंचाळली, आणि शाळेत पोस्टरवर असलेच असतात म्हणाली. तिला म्हटलं, पोस्टर वाचून बायोलॉजी येत नाही. बराच वेळ शेजारी उभं करून निरीक्षण करायला लावलं. ती पाय खाजवत उभी राहिली.

१८ जून, बुधवार.
सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स. गो. स्ट्रेचरवर फार लहान दिसत होते. मला बघून हात उचलला, पिंपाकडे केला की माझ्याकडे, कळलं नाही. मीनल लिफ्टपर्यंत त्यांचा हात धरून गेली. त्यांच्या मुलाला तिनेच फोन केला.
वय आहे. या वयात ताप सोसत नाही.
बॅनर आता लाल झालाय, म्हणजे केसेस वाढल्या. ईमेल उद्या नक्की.
कॉरिडॉर शांत वाटतो. बशा काल भरल्या तशाच भरलेल्या आहेत. बागेला आता कुणाचा त्रास नाही. मला बरं वाटायला हवं होतं. बहुतेक वाटतंय.

२२ जून, रविवार.
मीनलला ताप. ऑफिसचा एसी. त्यांच्याकडे क्वार्टर एंडला माणसांना बर्फात ठेवतात. कढण करून दिलं. ते उलटून पडलं.
डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली. हाडं कुणी आतून ठोकतंय असं वाटतं म्हणाली. तिला कोंडट बेडरूममधून उठवून बाहेर बागेत खुर्ची टाकून दिली, पिंपाशेजारी, थोडी मोकळी हवा मिळावी म्हणून. इंग्लंडमध्ये आजाऱ्याला बागेतच बसवतात. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. अंगावर दोन-तीन डास बसले होते, मी हाकलले.

२४ जून, मंगळवार.
अंगावर लाल पुरळ. क्लिनिकमध्ये रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, आम्ही कुठल्या ब्लॉकमध्ये राहतो ते विचारलं आणि पुढचं काही न विचारता हॉस्पिटलला फोन लावला.
डेंग्यू. हा शब्द मी इथे पहिल्यांदाच लिहितोय असं दिसतं.
बांधकामाच्या चिखलाबद्दल मी त्यांना सांगत होतो. त्या म्हणाल्या की हा डास चिखलात होत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागतं. साठलेलं, स्वच्छ.
डॉक्टरसुद्धा कधीकधी सरसकट विधानं करतात.

२५ जून. दुपार.
कपडे न्यायला घरी आलो तर दारात डासांची तपासणी करणारे इन्स्पेक्टर. एक मुलगी, तिशीच्या आतली असेल, आणि तिचा सहकारी. तिने पिंपात टॉर्च मारला आणि नुसती उभी राहिली. सहकाऱ्याला हाक मारून दाखवलं. पाणी शिळं करायची आमची पद्धत मी सांगायला लागलो, माझं मलाच नीट ऐकू येईना. तिने काचेच्या नळीत पाणी घेऊन उजेडात धरलं. नळीतून आरपार काही दिसत नाही म्हणे, तेवढी गर्दी.
घरात कुणाला ताप आहे का, तिने विचारलं. मी म्हणालो, मिसेस हॉस्पिटलमध्ये आहे. शेजारचे अंकलपण. ती लिहिता लिहिता थांबली.
पिंप त्यांनी आडवं केलं. दोघांना जमलं. पाणी कॉरिडॉरभर पसरत गो यांच्या दारापर्यंत गेलं. मी फडकं आणून पुसत बसलो.

२७ जून, शुक्रवार.
ब्लॉकखाली पांढरा मंडप. गो काल गेले.
खाली जाऊन आलो. जावं की नाही कळत नव्हतं, पण गेलो. त्यांच्या मुलाने त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे शेंगदाणे पुढे केले, गरम चहा दिला. म्हणाला, डॅडी तुमच्याबद्दल सांगायचे. आई गेल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते, हल्ली रोज सकाळी उठून शेजाऱ्याच्या बागेला मदत करतो म्हणायचे. थँक यू, अंकल.
मी यू आर वेलकम म्हणालो.  लाज वाटते. लिहून ठेवतो, मला लाज वाटते.
मीनलच्या प्लेटलेट्स उतरतच आहेत.

२९ जून, रविवार. हॉस्पिटल.
हिरड्यांतून रक्त येतंय. दोन्ही हातांना सुया. डॉक्टर म्हणाले की आजचा आणि उद्याचा दिवस कठीण आहे. नंतर काय ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
दुपारी शुद्धीवर होती. पिंप रिकामं केलंस का, विचारलं. हो म्हणालो. मी केलं नाही, त्यांनी केलं, पण हो म्हणालो. कधी, विचारलं. तिचं पांघरूण सारखं करत बसलो. तिला कळलं. रागावली असती तर बरं झालं असतं.
अवनी खुर्चीत मुटकुळं करून बसली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. डोकं दुखतंय म्हणाली होती, मी म्हटलं होतं, रडलीस म्हणून. मीनल तिच्याकडे बघत राहिली. सुयांमुळे तिचे स्वतःचे हात बांधल्यासारखे झालेले, उचलता येईनात. मला म्हणाली, तिच्या कपाळाला हात लावून बघ ना जरा.
लावला. चटका बसला.
मीनलला म्हटलं, गार आहे.